सूर्य मावळेना, भरती थांबेना

नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारा १७ क्रमांकाचा रस्ता स्टाइनशेर गावातून निघतो आणि साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास वळणं घेत घेत बूडो शहराच्या तोंडाशी संपतो. रस्ता म्हणायचा एवढंच. मध्येच जमीन संपते, गाडी फेरीबोटीवर चढवायची आणि पलीकडच्या काठावर उतरून पुन्हा पुढे निघायचं, हे इथे अनेकदा होतं. त्यातली किलबोगहामन ते येक्टविक ही सुमारे तासाभराची फेरी बरेच प्रवासी मुद्दाम लक्षात ठेवतात, कारण आर्क्टिक वृत्त या बोटीवर असतानाच ओलांडलं जातं. पृथ्वीगोलाची खूण दिसली की सगळे कठड्याशी येऊन फोटो काढतात. खूण एका जागी उभी आहे; खरं वृत्त मात्र दरवर्षी चौदा-पंधरा मीटर उत्तरेला सरकतं. पृथ्वीचा आस सध्या अगदी सावकाश सरळ होतो आहे, त्याचा हा परिणाम. त्यामुळे फोटोतली खूण आणि खरं वृत्त यांच्यात थोडं अंतर असणारच.

हे वृत्त म्हणजे काही भिंत नव्हे. शाळेत आपण शिकलो की ६६ अंश ३४ मिनिटांच्या उत्तरेला मध्यरात्रीचा सूर्य दिसतो. ते गणित वातावरण नसलेल्या पृथ्वीचं आहे, आणि त्यात सूर्य म्हणजे एक ठिपका धरलेला असतो. खऱ्या पृथ्वीवर हवेमुळे प्रकाश वाकतो आणि क्षितिजावरची वस्तू सुमारे अर्ध्या अंशाने वर उचललेली दिसते. शिवाय सूर्याला स्वतःचं बिंब आहे, त्याची वरची कडा दिसली तरी सूर्य दिसलाच. या दोन्हींची बेरीज केली तर उघड्या समुद्रावर मध्यरात्रीचा सूर्य वृत्ताच्या दक्षिणेलाही नव्वदेक किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. म्हणजे बोटीवर टाळ्या वाजतात त्याच्या कितीतरी आधी आपण त्याच्या हद्दीत शिरलेले असतो.

बूडो या वृत्ताच्या साधारण ८० किलोमीटर उत्तरेला आहे. पन्नासेक हजार वस्तीचं बंदर. १८१६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, मे १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बफेकीत त्याचा मोठा भाग जळाला आणि युद्धानंतर ते पुन्हा बांधलं गेलं. त्यामुळे जुन्या लाकडी घरांची चित्रासारखी रांग पाहायला येणाऱ्यांची इथे थोडी निराशाच होते. शहर सरळ, कामसू, वाऱ्याचं आहे. बघायचं ते शहराच्या वर आणि शहराच्या बाजूला.

वरचं आधी. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. किती उंचावर राहतो, याचा हिशेब सोपा आहे: वृत्ताच्या जितके अंश उत्तरेला जाल, तितकेच अंश २१ जूनच्या मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या वर राहील. ८० किलोमीटर म्हणजे पाऊण अंशाहून किंचित कमी. हवेने दिलेली उचल धरली तर एक अंशाच्या थोडं वर, म्हणजे सूर्यबिंबाच्या दुप्पट उंचीवर. हात लांब केला तर करंगळीमागे लपेल इतकंच हे अंतर. इतक्या खाली असलेल्या सूर्याची खालची कडा वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते आणि बिंब थोडं दबलेलं, अंडाकृती दिसतं.

ही मध्यरात्र बारा वाजता नसते, हे बऱ्याच जणांना तिथे पोहोचल्यावर कळतं. नॉर्वेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, त्यामुळे सूर्य सगळ्यात खाली येतो तो रात्री एकच्या सुमारास. आणि तेव्हा तो असतो बरोबर उत्तरेला. उत्तर दिशेला लांडेगोडे नावाचं डोंगराळ बेट आहे, तेव्हा धक्क्यावर उभं राहण्यापेक्षा शहरामागच्या कायझरवार्डेन टेकडीवर चढलेलं बरं. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मवरून तिचं नाव पडलं आहे. उंची साडेतीनशे मीटरच्या थोडी वर, आणि अंधार पडण्याची भीती नसल्याने रात्री अकराला चढायला सुरुवात केली तरी चालतं.

हिवाळ्याचं चित्र याच्या नेमकं उलट. २१ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्याचा मध्य क्षितिजाच्या पाऊण अंश खाली राहतो. पण हवा त्याला उचलते, आणि बिंबाची वरची कडा कशीबशी क्षितिजाला लागते. कागदावर बूडोत एकही सूर्यहीन दिवस नाही. प्रत्यक्षात दक्षिणेला डोंगर आहेत, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात काही दिवस शहराला सूर्य दिसत नाही. हिशेब बरोबर, डोंगर आडवा.

आता एक आकडा, जो मला स्वतःला पटायला वेळ लागला. २१ जूनला मुंबईत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंबहुना डोक्याच्या जरा उत्तरेलाच. बूडोत तो दुपारीही ४६ अंशांच्या वर जात नाही. तरी त्या दिवशी वातावरणाच्या माथ्यावर, प्रत्येक चौरस मीटरला चोवीस तासांत मिळणारी सूर्याची ऊर्जा मोजली तर बूडो मुंबईच्या पुढे जातं. बूडोची चोवीस तासांची सरासरी सुमारे ४८० वॅट, मुंबईची सुमारे ४५०. मुंबईचा सूर्य जोरात काम करतो पण सव्वातेरा तासांनी जातो. बूडोचा कमी जोर लावतो, पण सुट्टीच घेत नाही.

मग बूडोत जूनची दुपार बारा ते पंधरा अंशांची का? एक तर तिरपी किरणं हवेच्या जाड थरातून येतात आणि वाटेत बरीच विखुरतात. दुसरं म्हणजे शेजारी थंड समुद्र आहे, त्याला तापायला अनेक आठवडे लागतात. तिसरं, ढग. पण हाच समुद्र हिवाळ्यात उपकार करतो. अटलांटिकचं कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला वाहत राहतं आणि पश्चिमेचे वारे त्याची ऊब जमिनीवर आणतात. जानेवारीची सरासरी शून्याच्या आसपास राहते, बंदर गोठत नाही. समोर ग्रीनलंडला याच अक्षांशावर काय परिस्थिती असते ते नकाशात पाहिलं की या पाण्याची किंमत कळते.

२३ जूनच्या संध्याकाळी नॉर्वेत किनाऱ्यावर होळ्या पेटतात. सेंट हान्सची, म्हणजे संत योहानाच्या जन्मदिवसाची ही पूर्वसंध्या. संक्रमणाचा, म्हणजे सूर्य सगळ्यात उत्तरेला पोहोचण्याचा खरा दिवस २० किंवा २१ जूनचा, आणि सण दोन-तीन दिवस उशिरा. याचं कारण जुन्या रोमन कालगणनेत आहे. तिथे उन्हाळ्याचं संक्रमण २४ जूनला आणि हिवाळ्याचं २५ डिसेंबरला मानायची प्रथा होती. चर्चने त्या तारखांना सण बसवले आणि नंतर कॅलेंडर दुरुस्त झालं तरी सण जिथल्या तिथे राहिले. सूर्याला याने काही फरक पडत नाही. संक्रमणाच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे त्याची मध्यरात्रीची उंची अंशाच्या पाचव्या हिश्शाइतकीही बदलत नाही. पण रात्री अकरा वाजता लख्ख उन्हात पेटवलेली होळी हे दृश्य मजेदारच. ज्वाळा धड दिसतही नाहीत; दिसतो तो धूर, आणि उष्णता मात्र हवीहवीशी वाटते.

झोपेचे हाल होतात. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्यांचं काम चित्र पाहणं नसून उजेड आहे की नाही याची खबर मेंदूला देणं एवढंच. निळसर उजेडाला त्या विशेष जागतात, आणि तो मिळत राहिला की मेंदूतला झोपेचा संकेत देणारा मेलाटोनिन उशिरा पाझरतो. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं लांब चालतं. रोजचा उजेड-अंधार ते जुळवून घेतो. उजेडच थांबेना तर ते रोज थोडं थोडं पुढे घसरतं. म्हणून इथल्या खोल्यांना जाड काळे पडदे असतात आणि लोक ते मुकाट्याने ओढतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरना पडदे नाहीत. ट्रॉम्सोच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की भर उन्हाळ्यात त्यांच्या हालचालीतली दिवस-रात्रीची लयच नाहीशी होते. चरायचं, रवंथ करायचं, पुन्हा चरायचं. २०१९ च्या जूनमध्ये नॉर्वेतल्या सोमारोय बेटाने घड्याळं रद्द करायचं ठरवल्याची बातमी जगभर गाजली होती. काही दिवसांतच कळलं की ती पर्यटनाची जाहिरात होती. माणसं शेवटी घड्याळ सोडत नाहीत.

आणि बूडोत तर सोडून चालणारच नाही. सूर्याने वेळ सांगणं थांबवलं तरी शहराच्या बाजूला एक घड्याळ सहा तास बारा मिनिटांच्या ठोक्याने चालूच असतं. त्याचं नाव साल्टस्ट्राउमेन.

शहरापासून गाडीने ३० किलोमीटरच्या थोडं पुढे, त्याच १७ क्रमांकाच्या रस्त्यावर, दोन डोंगरांमध्ये एक खाडी आहे: तीन किलोमीटर लांब, चिंचोळ्या जागी दीडशे मीटर रुंद. बाहेर साल्ट फियॉर्ड, म्हणजे खुल्या समुद्राशी जोडलेलं पाणी. आत शेरस्टा फियॉर्ड, डोंगरांच्या वेढ्यातला मोठा जलाशय. दोन आणखी लहान फटी आहेत, पण आतल्या पाण्याची मुख्य वाट हीच. बाहेर भरती आली की पाण्याला आत घुसायचं असतं. ओहोटी लागली की आतल्याला बाहेर. दर खेपेला सुमारे ४० कोटी घनमीटर पाणी इथून जातं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची क्षमता साधारण २९ टीएमसी. ४० कोटी घनमीटर म्हणजे १४ टीएमसी. अर्धी साखळी सहा तासांत रिकामी करायची, आणि पुढच्या सहा तासांत तेवढीच पुन्हा भरायची, हे रोज दोनदा.

माहितीपत्रकं सांगतात की पाण्याचा वेग वीस नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरपर्यंत जातो. या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि का नाही ते कागदावर करून बघता येतं. ४० कोटी घनमीटर भागिले सहा तास बारा मिनिटं, तर सेकंदाला १८ हजार घनमीटर. वाट दीडशे मीटर रुंद आणि उथळ जागी सुमारे ३० मीटर खोल धरली तर सरासरी वेग सेकंदाला चार मीटर निघतो, ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. प्रवाह शून्यापासून वाढत जाऊन पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे ऐन जोराच्या वेळी याच्या दीडपट: ताशी बावीसच्या आसपास.

दुसऱ्या बाजूने तपासू. बाहेरच्या आणि आतल्या पाण्याच्या पातळीत जास्तीत जास्त एक मीटरचा फरक पडतो असं सांगतात. एक मीटर उंचीवरून घसरणाऱ्या पाण्याला मिळणारा वेग टोरिचेलीच्या नियमाने ताशी सोळा किलोमीटर येतो. दोन्ही वाटांनी उत्तर एकाच घरात पडतंय. ताशी ३७ साठी पातळीत पाच मीटरहून जास्त फरक लागेल, आणि एवढी तर बूडोची सगळ्यात मोठी भरतीही नसते. एखाद्या जागी, एखाद्या क्षणी पाणी फार जोरात उसळत असेल, त्याला ना नाही. पण सोळा ते बावीस हाही काही थोडाथोडका वेग नव्हे. ऑलिंपिकमधला पोहणारा ताशी सात-आठ किलोमीटरनेच जातो.

इथे मुंबईकराला एक प्रश्न पडायला हवा. बूडोला उधाणाच्या वेळीही भरती-ओहोटीतला फरक अडीच मीटरच्या आसपास. मुंबईत तो चार मीटरच्या वर जातो; पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते. मग जगातला सगळ्यात जोरदार म्हणवला जाणारा भरतीप्रवाह ठाण्याच्या खाडीत का नाही? कारण भरतीची उंची हा अर्धाच मुद्दा आहे. मागे पाणी साठवणारा मोठा जलाशय हवा आणि त्याला तोंड अगदी लहान हवं. साल्टस्ट्राउमेनला हे दोन्ही मिळालं आहे.

आणि ती अडीच मीटरची भरतीसुद्धा बूडोची स्वतःची नाही. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीपुरतं बोलायचं तर चंद्राची ओढ ध्रुवांकडे कमी कमी होत जाते. बूडोच्या अक्षांशावर ती मुंबईच्या मानाने सहाव्या हिश्शाइतकीच उरते. तिथे येतं ते अटलांटिकमध्ये तयार झालेलं पाण्याचं लांबलचक उधाण. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे ढकललं जातं, त्यामुळे ही लाट नॉर्वेच्या किनाऱ्याला उजवा खांदा टेकवून उत्तरेकडे सरकते. दक्षिणेकडच्या बर्गनला आधी भरती, बूडोला नंतर. मुंबईलाही लाट अरबी समुद्रातून येते आणि किनाऱ्यालगतच्या रुंद, उथळ तळावर चढताना फुगते.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती आहे: तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, येईल तेवढ्या वाजता भरती. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागे, यातून ही युक्ती निघाली. रोजचा उशीर बूडोतही हाच असतो; फरक एवढाच की सुरुवातीचा आकडा प्रत्येक बंदराचा वेगळा. उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, आणि भांग, म्हणजे सगळ्यात लहान, यांचंही तेच: पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या पुढे-मागे भांग.

पण जूनमध्ये बूडोच्या लोकांना तिथी आकाशात बघून कळणार नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. जूनमध्ये सूर्य आकाशात जितका उत्तरेला, तितका पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला. आपल्याकडे वटपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून ठेंगणा चालताना दिसतो तो यामुळेच. बूडोत तो एवढा खाली जातो की क्षितिजाला जेमतेम टेकतो, किंवा उगवतच नाही. चंद्राची कक्षा थोडी कललेली असल्याने साडेअठरा वर्षांच्या चक्रात यात पाच अंशांचा चढउतार होतो. २०२५ च्या आसपासची वर्षं त्यातली टोकाची होती, त्या जूनमध्ये पौर्णिमेचा चंद्र तिथे पार क्षितिजाखाली राहिला. आणि तरी त्याच चंद्राचं उधाण साल्टस्ट्राउमेनमध्ये वाहिलंच. चंद्राची ओढ पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाणी फुगवते, त्यामुळे तो डोक्यावर असो की पायाखाली, भरतीला सारखंच.

काठावर उभं राहिलं की आधी आवाज येतो. मध्ये धावणारं पाणी आणि कडेचं संथ पाणी यांच्या सीमेवर पाणी गुंडाळलं जातं, भोवरे तयार होतात. मोठे दहा मीटर रुंद असतात. एक भोवरा काही सेकंद फिरतो, प्रवाहाबरोबर सरकतो, फुटतो, मागून दुसरा. या ढवळण्याने खालचं अन्न वर येतं. कॉड आणि सेई जातीचे मासे इथे दाटीने असतात, काठावर गळ टाकून माणसं उभी, वर पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड. तळाच्या खडकांवर मऊ प्रवाळ आणि समुद्रफुलं चिकटलेली आहेत, ज्यांना जागचं न हलता जेवण मिळतं. २०१३ मध्ये या भागाला सागरी संरक्षण मिळालं. नॉर्वेच्या पहिल्या अशा क्षेत्रांपैकी ते एक.

हा प्रवाह भूगर्भाच्या हिशेबाने कालचा आहे, दोन-तीन हजार वर्षांचा. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर बर्फाचं प्रचंड ओझं होतं आणि जमीन त्याखाली दबली होती. बर्फ वितळलं तशी ती वर येऊ लागली. बूडोत अजूनही वर्षाला काही मिलिमीटर येते, स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताजवळ तर नऊ-दहा. आधी इथे वाट रुंद आणि खोल होती, पाणी निवांत जायचं. तळ वर आला, वाट आवळली, आणि तेवढंच पाणी कमी जागेतून जायला लागलं.

थांबा ठरवताना हॉटेलपेक्षा भरतीचं वेळापत्रक आधी बघावं. बूडोच्या भरतीची वेळ आणि साल्टस्ट्राउमेनच्या प्रवाहाची वेळ एक नाही, हेही लक्षात ठेवावं. आतला जलाशय भरायला उशीर लागतो, म्हणून तिथलं पाणी नंतर वळतं. प्रवाहाच्या वेळा वेगळ्या छापलेल्या असतात. पाणी वळायच्या आसपास गेलात तर एक शांत, साधी खाडी दिसेल, ज्यातून बोटी बिनधास्त जातात, आणि इतका गाजावाजा कशासाठी असं वाटेल. भांगाच्या दिवशी गेलात तरी तीच गत. जोर चढायच्या तासभर आधी पोहोचून पुलाखालच्या काठावर जागा धरा. १९७८ पासूनचा हा पूल पाण्यापासून ४१ मीटर उंच आहे, वरून भोवऱ्यांची रांग स्पष्ट दिसते, पण वेग समजतो तो खालीच. वेळापत्रकात सगळ्यात मोठा प्रवाह रात्री दोनचा निघाला तरी काळजी नको. जूनमध्ये तेव्हाही ऊनच असतं.